हळदीआधी घालवायचं वांग

बोईसरजवळ सरावलीच्या नाक्यावर भावना तांडेलचं ब्युटी पार्लर आहे. बोर्डावर एका गोऱ्यापान बाईचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'वांग, काळे डाग, सुरकुत्या – खात्रीने घालवू'. ही बाई कोण, ते भावनाला माहीत नाही. बोर्ड करणाऱ्याने ती कुठून तरी उचलून आणली. त्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसणाऱ्या बाईच्या दोन्ही गालांवर मात्र डोळ्यांखालून जबड्यापर्यंत ऐसपैस वांग पसरलेलं होतं, आणि हे फक्त त्या बाईलाच ठाऊक होतं. आणि तिच्या आईला. नवऱ्यालाही ठाऊक असावं. पण नीलेश पहिल्या पाळीला पहाटे निघणारा माणूस. त्याचं लक्ष बायकोच्या तोंडापेक्षा डब्यात काय आहे याकडे जास्त.

रोज सकाळी चहाच्या आधी भावना आरशापुढे बसे आणि वांग बुजवत असे. भिंतीला पुट्टी मारतात तसा आधी एक हात, तो सुकला की रंगाचा दुसरा, वरून पावडर. हात इतका बसला होता की लाइट गेली तरी काम अडत नसे. मग पार्लर उघडायचं आणि कारखान्यातून सुटून आलेल्या पोरींना सांगायचं, "बाळा, नैसर्गिक तेच खरं सौंदर्य." हे वाक्य बोलताना आपल्याला कधी हसू कसं आलं नाही, याचं तिला अलीकडे नवल वाटायला लागलं होतं.

नवल वाटायला कारण घडलं होतं. तिच्या एकुलत्या एका मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा पालघरजवळच्या माहीमचा, घरची वाडी, माणसं चांगली. लग्नाची भावनाला भीती नव्हती. लग्नात नवरीच्या आईने चार थर चढवले तर लोक कौतुकच करतात. भीती हळदीची होती. भावनाचं माहेर-सासर दोन्ही जवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरचं, आणि त्यांच्या घरच्या रीतीने नवरीच्या आधी तिच्या आईबापाला पाटावर बसवतात. पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानाने गालाला जरासं टेकवलं, असली फोटोतली हळद ही नव्हे. खोबरेल तेलात कालवलेली हळद ओंजळीने घेऊन बाया अशा चोळतात की जणू जळकं पातेलं हाती लागलंय. मग डोक्यावरून पाणी. पाण्याला दाद न देणारा मेकअप भावनाकडे होता. पण तेलापुढे त्याचं काही चालत नाही, हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत असणार? नवरीमुलींचा मेकअप ती स्वतः तेलानेच उतरवत आली होती.

त्यात पुन्हा स्नेहल. ही मुलाची थोरली बहीण. मुलाच्या अंगाची उष्टी हळद घेऊन माहीमहून तीच येणार आणि विहीणबाईंना, म्हणजे भावनाला, पहिला हात तीच लावणार. या स्नेहलने गेल्या वर्षी भावनाकडेच वांगाचं पॅकेज घेतलं होतं. सोयरीक जुळली तीच मुळी पार्लरच्या खुर्चीत, तोंडावर लेप थापलेला असताना. म्हणजे ज्या बाईला आपण वांग घालवून द्यायची खात्री दिली, तीच बाई सगळ्या गावासमोर आपलं वांग उघडं करणार. भावनाला या विचाराने झोप येईना. झोप नाही म्हणून डोळ्यांखाली काळं आलं. मग तेही बुजवायचं काम वाढलं.

बोईसरमध्ये, पालघरमध्ये कातडीचे डॉक्टर काही कमी नाहीत. पण भावनाला तिथे पाय टाकायची सोय नव्हती. एका डॉक्टरच्या कंपाउंडरची बायको तिच्याकडे भुवया करायला येत असे. दुसऱ्याच्या दवाखान्याबाहेर बाकावर जेवढ्या बाया बसत, त्यातल्या निम्म्या आधी तिच्याकडे येऊन गेलेल्या होत्या. वसई, विरारला जावं, तर तिथे नणंदा राहतात. मुंबईत आत्याची सून. विचार करता करता भावना अशा निष्कर्षाला आली की, तिच्या ओळखीचं कुणी भेटणार नाही अशी जवळची जागा म्हणजे कोरिया.

कोरिया तिला परका नव्हता. उन्नतीबरोबर बसून तिने तिकडच्या मालिका पाहिल्या होत्या, आणि तिथल्या बायांच्या गालांवरून माशी घसरेल इतकी त्यांची कातडी गुळगुळीत असते, हे डोळ्यांनी बघितलं होतं. फोनवर शोधता शोधता सेऊलमधला एक दवाखाना सापडला. व्हिडिओ कॉलवर सल्ला मिळेल, दुभाषी मिळेल, हिंदीतसुद्धा. भावनाने दार लावून घेतलं आणि नाव नोंदवलं. वयाच्या जागी तिने तीन वर्षं कमी लिहिली. डॉक्टरशी खोटं बोलू नये हे तिला कळत होतं, पण बोट आपोआप तिकडे गेलं.

भाषेची मात्र तिला धास्ती पडली. हिंदी म्हटलं तरी तिची हिंदी बोईसरची, कारखान्यांतल्या बिहारी, ओडिया बायकांशी बोलून कमावलेली. ती सेऊलपर्यंत पोचेल का? आठवडाभर तिने तयारी केली. मालिकांतून ऐकलेला 'आन्न्यंग हासेयो' हा नमस्कार बाथरूममध्ये घोकला. वांगाला हिंदीत झाई म्हणतात हे पाठ केलं. नीलेशने बाहेरून दार वाजवून विचारलं, "कोणाशी बोलतेस?" ती म्हणाली, "गुळण्या करतेय."

कॉलसाठी जागाही अशी हवी होती की कुणी बघणार नाही. पार्लरमध्ये गिऱ्हाईक, घरी उन्नती. म्हणून ठरल्या दिवशी ती रिक्षाने नवापूरला आईकडे गेली. आई, रत्नाबाई, आता सत्तरीची. घरात नेटवर्क नसतं. ते मिळतं मागच्या अंगणात, जिथे बांबूला बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. भावनाने तिथेच खुर्ची मांडली आणि पाण्याच्या पिंपावर फोन टेकवून ठेवला. दवाखान्याकडून सूचना आली होती, 'चेहरा स्वच्छ धुऊन बसा.' ती वाचून कॉलच रद्द करावा असं तिला वाटलं होतं. तरी तिने विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, साबणाने, दोनदा. आईशिवाय कुणासमोर अशा तोंडाने उन्हात बसायची कितीतरी वर्षांनी वेळ आली होती. गाल नीट दिसावेत म्हणून तिने चष्माही काढून पदरात बांधला.

"कोनाला तोंड दाखवतंस?" आईने ओसरीवरून विचारलं.

"डॉक्टरला."

"डाक्टर बोंबलात कशाला येल?"

 फोन वाजत होता.

पडद्यावर पांढऱ्या कोटातली एक बाई दिसली आणि तिच्या शेजारी एक तरुण मुलगी. भावनाने हात जोडून 'आन्न्यंग हासेयो' म्हटलं. डॉक्टरीणबाईंना इतका आनंद झाला की त्या कोरियनमध्ये भडाभडा बोलत सुटल्या. भावना मान डोलावत राहिली. एका नमस्काराने आपण हे ओढवून घेतलं, हे तिच्या लक्षात आलं.

मग ती मुलगी बोलली. "प्रणाम. मेरा हिंदी नाम आशा है. मैंने विश्वविद्यालय में चार वर्ष हिंदी का अध्ययन किया है. कृपया अपना कष्ट बताइए."

एवढी शुद्ध हिंदी भावनाने शाळेच्या पुस्तकानंतर पहिल्यांदाच ऐकली. आपण खुर्चीत नीट बसलोय ना, हे तिने बघून घेतलं. "दीदी, मेरेको इधर झाई आ गया है. दोनों गाल पे. लडकी का हल्दी है, उसके पहले जाने को मंगता."

आशा डॉक्टरशी बोलली. डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या, भावनाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग काहीतरी म्हणाल्या. आशा हसली. "चिकित्सक महोदया कहती हैं कि आपकी त्वचा अत्यंत सुंदर है. दर्पण के समान. कोई दोष दिखाई नहीं देता."

भावनाला वाटलं, पोरगी चार वर्षं शिकली खरी, पण कच्ची राहिली. तिने गालावर बोट ठेवलं. "इधर देखो ना. पूरा काला-काला हो गयेला है."

"कहाँ?"

"इधर. ये पूरा. और उधर भी."

पुन्हा तिकडे कुजबुज. पुन्हा आशाचं तेच, "महोदया को केवल उज्ज्वल त्वचा दिखाई दे रही है." भाषा पोचत नसली की माणसं करतात तेच मग भावनाने केलं. ती मोठ्याने बोलायला लागली. हिंदी मोठ्याने बोलून झाली, मग मराठी मोठ्याने, आणि मग चिडून नवापूरची बोली. शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. सेऊलमधल्या दोघी गप्प बसून आदराने ऐकत होत्या.

तेव्हा तिला युक्ती सुचली. या कामात तर जन्म गेला. शब्द नसले तर हात आहेत. पर्समधून तिने काजळाची पेन्सिल काढली, छोटा आरसा डाव्या हातात धरला, आणि डोळे बारीक करून वांगाची कड जिथे जिथे जाते तिथून दोन्ही गालांवर रेषा ओढली. समुद्रकिनाऱ्याचा नकाशा काढावा तशी, खाचाखोचांसकट. मग मोठ्या विजयाने तोंड फोनपुढे नेलं. "अब देखो. इसके अंदर का सब."

 डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या हळू आवाजात, सावकाश, काहीतरी बोलल्या. आशाही तशाच हळू आवाजात म्हणाली, "महोदया पूछ रही हैं, क्या आपके मन में कोई दुःख है? क्या घर में सब कुशल है? कभी-कभी मनुष्य को अपने मुख पर वह दिखता है जो होता नहीं. उसके चिकित्सक अलग होते हैं."

हे मात्र भावनाला शब्द न् शब्द कळलं. वेड्यात काढत होत्या तिला. इतकी वर्षं जे वांग तिने जगापासून लपवलं, ते आज स्वतःच्या हाताने उघडं केलं, वर काजळाने अधोरेखित केलं, तर ही बाई म्हणते ते नाहीच. तिला रडूही येईना, हसूही येईना. फोन आपटावा असं वाटलं, पण पिंपात पाणी होतं.

आवाज ऐकून रत्नाबाई ओसरीवरून उतरल्या. लेकीच्या गालांवरच्या काळ्या रेषा बघून त्या थबकल्या, मग पुढे आल्या. लग्नघरात बाया काय काय करतात. त्या तिच्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये डोकावल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना नको तेवढं दिसत असे.

"ही कोन बाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"तुज्या बाजूला हाय ती. लुगडं तर माजं नेसलीय."

"आई, ती तूच."

"मी?" रत्नाबाईंनी स्वतःच्या गालावर हात फिरवला. पडद्यातल्या बाईनेही फिरवला. "मंग माज्या सुरकुत्या कुटं गेल्या?"

तिकडून आशा उत्साहाने म्हणाली, "प्रणाम. क्या ये आपकी बहन हैं?"

एक क्षण भावनाला राग आला की आपण आईच्या वयाच्या दिसतो की काय. मग तिने पदराची गाठ सोडून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा नीट बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बाया होत्या. दोघींचे चेहरे सारखेच गुळगुळीत, शाळेतल्या खडूसारखे. सत्तरीच्या रत्नाबाई चाळिशीच्या दिसत होत्या. आणि तिच्या शेजारची, काजळाने गाल रंगवलेली ती दुसरी बाई म्हणजे बोर्डावरच्या बाईची धाकटी बहीण शोभली असती. वांगाचा मागमूस नव्हता.

 हा पार्लरचा फोन होता. पॅकेज संपलं की गिऱ्हाइकांचे 'नंतर'चे फोटो ती याच फोनवर काढत असे, आणि ते उजळ यावेत म्हणून बोईसरच्या मोबाइलवाल्या ललितकडून तिने चेहरा गुळगुळीत करायची सोय कायमची चालू करून घेतली होती. फोटोत, व्हिडिओत, कॉलवर, सगळीकडे, पूर्ण दहाच्या दहा. ललितने विचारलंही होतं, "ताई, एवढं नको, पाचवर ठेवू का?" ती म्हणाली होती, "ठेव रे दहा, बायांना बरं वाटतं." बायांना बरं वाटलं होतं. आणि स्वतःलाही फोनमध्ये बघून बघून त्या चेहऱ्याची सवय झाली होती. भाषेचा काही दोष नव्हता. आशाची हिंदी पक्की होती, डॉक्टरीणबाईंचे डोळे धड होते. मधे बसून खोटं बोलत होता तो आपलाच फोन, आणि त्याला हे शिकवलं आपणच.

"दीदी, एक मिनट," ती म्हणाली. पडद्याच्या कडेला चमचमत्या चांदणीचं एक चित्र होतं, त्यावर बोट ठेवल्यावर एक पट्टी उघडली. भावनाने पट्टीवरचा ठिपका धरला आणि मागे ओढायला सुरुवात केली. नऊ, आठ. तिच्या डोळ्यांखाली सावली आली. सहा, पाच. गालांवर पहिले ठिपके उठले. तिचा हात जरा थांबला. इथेच ठेवावं का, असं मनात आलंच. ललितही पाचच म्हणत होता. मग तिने डोळे मिटून ठिपका थेट शून्यावर नेला.

"आऽ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. हे आलं कधीपासून, असं विचारल्यावर भावनाने सवयीने सुरुवात केली, "अभी एक-दो साल से, टेन्शन..." तेवढ्यात रत्नाबाई मधे पडल्या. "खोटं नको बोलू. उन्नती पोटात व्हती तवा आलं ते." आणि हिंदी न येणाऱ्या त्या बाईने फोनकडे बघून आधी गालावर हात ठेवला, मग पोटावर, मग कुशीत मूल धरून झुलवल्यासारखं केलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच मान हलवली. त्यांनीही स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि दोन बोटं दाखवली. रत्नाबाईंनी चार दाखवली. दोघी हसल्या. आशाला हिंदी शब्द शोधायची गरजच पडली नाही.

सल्ला मिळाला तो असा. गरोदरपणात असं वांग पुष्कळ जणींना येतं, काहींचं जातं, काहींचं राहतं. भावनाचं उन्हाने आणि ब्लीचने आणखी गडद झालंय. ऊन टाळायचं, उन्हाचं क्रीम रोज लावायचं, काही घासायचं नाही, आणि गावातल्याच कातडीच्या डॉक्टरला नियमित दाखवायचं, कारण हे फोनवर बरं होणारं दुखणं नाही. महिने लागतील. फिकं होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही.

"और हल्दी के पहले?" भावनाने विचारलं.

आशाने हळद म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावलं. तिच्या पुस्तकात तो धडा होता. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. "महोदया कहती हैं, संभव नहीं," आशा म्हणाली. मग, स्वतःच्या मनाने की डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते कळलं नाही, पण म्हणाली, "वहाँ तो सब अपने ही लोग होंगे ना?"

म्हणूनच तर, असं भावनाच्या ओठांवर आलं होतं. पण कॉल संपला होता. आई दोरीवरचे बोंबील उलटे करत होती.

एवढं झाल्यावर तरी बाई शहाणी व्हायला हवी होती. हळदीच्या दिवशी सकाळी ती चहाच्या आधी आरशापुढे बसली आणि एकावर एक चार थर चढवले. तेलापुढे हे टिकत नाही, हे माहीत असूनही चढवले. माणूस बुडणार हे माहीत असलं तरी हात मारायचे थांबवत नाही, आणि भावना तर तांडेलांच्या, होड्या हाकणाऱ्यांच्या घरची.

नवापूरच्या घरापुढे मांडव पडला होता. माहीमची माणसं उष्टी हळद घेऊन आली, बाया गायला लागल्या, बँडवाल्याने आपलं काम सुरू केलं. नीलेश पाटावर बसून लाजत होता. भावना शेजारी बसली, डोळे घट्ट मिटून. स्नेहलने ओंजळभर हळद घेतली आणि तिच्या गालांना लावली. चांगली चोळली. आणि मधेच थांबली.

भावनाने डोळे उघडले. स्नेहल स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. पिवळ्या हळदीत गव्हाळ रंगाचा चिखल कालवला गेला होता. मग तिने भावनाच्या तोंडाकडे बघितलं. मांडवात बँड वाजतच होता.

स्नेहल खाली वाकली. "काकी, तुमाला पन हाय?" ती अगदी कानात म्हणाली.

"हां," भावना म्हणाली. 

स्नेहलने तळवे पदराला पुसले. मग म्हणाली, "तुमच्या पॅकेजनं माजं काय गेलं नाय. तुमी फोटो दाखवला त्यात गेलेलं, पन आरशात हाय तसंच. मला वाटलं माजीच कातडी वायट. तुमाला सांगायची लाज वाटली." आणि तिने पुन्हा हळद घेतली, पण आता हळूच, बोटांच्या टोकांनी, वांगाच्या कडेकडेने लावली.

भावनाला तोंड लपवायचं होतं, पण ते आधीच उघडं पडलं होतं. इतके दिवस ती स्वतःच्या लाजेपायी तळमळली. तीच लाज आपण फोटो काढून दुसऱ्या बायकांना घरी देत होतो, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. "उद्याचं लग्न होऊ दे," ती म्हणाली, "मग आपण दोघी बोईसरच्या डॉक्टरकडे जाऊ. तुझे पैसेही देते परत." स्नेहल म्हणाली, "आदी आंघोळ तर करा." आणि तिने डोक्यावर तांब्या ओतला.

उन्नतीने आईला बघितलं ते त्यानंतर, आपल्या हळदीची वाट बघत उभी असताना. ओल्या साडीत, केस चिकटलेले, गाल पिवळे, आणि त्या पिवळ्याखालून वर आलेलं वांग. ती जवळ आली. तिने आईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, पार्लरमध्ये आई बायांचं वळवते तसं.

"मम्मी, हे काय? कधी आलं?"

"तू पोटात होतीस तेव्हा."

"म्हणजे मी जन्मल्यापासून आहे?"

"त्याच्याही आधीपासून."

"मला कधी दिसलंच नाही," उन्नती म्हणाली.  "तुझा चेहराच बघितला नाही म्हणजे मी." आणि उद्या सासरी जायच्या त्या पोरीने दोन्ही हातांनी आईचं तोंड धरलं आणि बघत बसली. भावना म्हणाली, "चल, तुझा पाट रिकामा आहे." पण ती स्वतः हलली नाही. मागून रत्नाबाईंनी दोघींच्या डोक्यावर हळदीचे हात ठेवले आणि म्हणाल्या, "आवरा, लोकं खोळंबलीत."

लग्न झालं. उन्नती माहीमला गेली. घर रिकामं वाटायला लागलं आणि पार्लर पुन्हा सुरू झालं. बोर्डावरची बाई अजून तिथेच आहे, पण 'खात्रीने' या शब्दावर भावनाने पांढरा रंग मारला. उन्हाचं क्रीम ती रोज लावते. त्यावर पुट्टीही मारते, एकच थर. सगळं एका दमात सुटत नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी उन्नतीचा व्हिडिओ कॉल आला. भावनाने घाईघाईने फोन समोर धरला. पलीकडे माहीमच्या घरातलं स्वयंपाकघर, केस वर बांधलेली उन्नती, डोळे जागरणाने सुजलेले. ती काही बोलायच्या आधी नुसती बघत राहिली.

"काय गं? बरी आहेस ना?" भावनाने विचारलं.

"बरी आहे. मम्मी, तू परत ते चेहरा गुळगुळीत करायचं चालू केलंस ना?"

भावना ओशाळली. तिने खरंच केलं होतं. पूर्ण दहा नाही, पाच. "ते गिऱ्हाइकांसाठी लागतं गं."

"मी काय गिऱ्हाईक आहे?" उन्नती म्हणाली.  "काढ ना ते. मला तुला बघायचंय."

भावनाने चष्मा घातला, ती चांदणी शोधली, आणि ठिपका धरून शून्यावर आणला. मग गालावरचं उरलंसुरलंही पदराने पुसलं.

"दिसले?"

"हां," उन्नती म्हणाली, "आता दिसलीस." आणि मग तिने सासूने केलेल्या कालवणाची तक्रार सांगायला सुरुवात केली.